बापाविना जन्म: कोमोडोला मुलगे, रेशीमपतंगाला मुली

इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या कोमोडो ड्रॅगन (एक महाकाय सरडा) मादीला नराचा सहवास कधीच मिळाला नव्हता. तरी २००६ साली तिच्या अंड्यांत गर्भ वाढताना आढळले. खराब झालेल्या काही अंड्यांची डीएनए तपासणी केली, तेव्हा आईचे नाही असे काहीच सापडले नाही. शिवाय तपासलेल्या प्रत्येक जागी जनुकाच्या दोन्ही प्रती अगदी सारख्या. फ्लोराची पिल्ले निघाली ती सगळी नर.

असे का, ते रेशीमपतंगाशेजारी ठेवून पाहिले की उलगडते. दोघांतही लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांना झेड आणि डब्ल्यू म्हणतात: नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. (अक्षरे सारखी असली तरी गुणसूत्रे एक नव्हेत, दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे घडल्या.) कोमोडोच्या अंडपेशीत गुणसूत्रे आधी निम्मी होतात, मग विभाजनात सुटून निघालेली चिमुकली पेशी पुन्हा अंडपेशीत मिसळते आणि शुक्राणूची उणीव भरून काढते. झेडला झेड मिळाला तर नर. डब्ल्यूला डब्ल्यू मिळाला तर गर्भ तगत नाही. मादी होण्याची वाटच उरत नाही.

रेशीमपतंगाचे फलन न झालेले अंडे सहसा आपणहून वाढत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस अस्ताउरोव्ह यांनी त्याला जागे करायची कृती शोधली: नराशी मीलन न झालेल्या मादीच्या पोटातून अंडी काढायची आणि ४६ अंश सेल्सियसच्या पाण्यात १८ मिनिटे बुडवायची. या उष्णतेने गुणसूत्रे निम्मी होण्याची पायरीच अडते. आईचा संच जसाच्या तसा उतरतो, झेडडब्ल्यूसकट, म्हणून सगळ्या मुली आणि आईच्या हुबेहूब प्रती. यश मात्र वाणावर अवलंबून. काही वाणांची अंडी या उपायाला जेमतेम दाद देतात. गंमत अशी की रेशीम उत्पादकाला हवे असतात नर, कारण त्यांच्या कोशात रेशमाचे प्रमाण जास्त!

कोमोडोच्या बाबतीत तोटा निराळा. आईकडच्या दोन वेगळ्या प्रतींपैकी पिल्लाला एकच मिळते, तीही दोनदा. त्यामुळे दबलेला दोष उघडा पडतो. निर्जन बेटावर एकटी मादी पोहोचली तर मुलाशी जोडी जमवून ती वंश सुरू करू शकेल, पण तो फार अरुंद पायावर. २०२१ पासून ‘संकटग्रस्त’ यादीत असलेल्या या सरड्याची मादी प्राणिसंग्रहालयात एकटी ठेवणे म्हणूनच जोखमीचे: पिल्ले येतील, विविधता घटेल.