मताचं वजन देशात सगळीकडं सेम असतंय का?

"देशात कुठंही राहा, प्रत्येकाच्या मताची ताकद एकसारखी" असा मेसेज लय वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिकच आहे, कारण मत एकच आणि मोजताना पण एकच धरतात, तेवढं खरंय. पण त्या एका मतानं खासदार निवडण्यात किती वाटा मिळतो ते पत्त्यावर ठरतं.

आपल्या कोल्हापूर लोकसभेला १८ लाखांच्या वर मतदार, शेजारच्या हातकणंगल्याला पण साधारण तेवढेच, म्हणून मतदार यादीतलं नाव कोल्हापुरातनं हातकणंगले मतदारसंघातल्या इचलकरंजीला हलवलं तरी फार फरक नाही. लक्षद्वीपला मात्र ६० हजाराच्या आत मतदार आणि खासदार एक! एवढ्या छोट्या बेटांना स्वतःचा आवाज असावा हे मला पटतं, पण वजनातला फरक आहेच.

मोठ्या राज्यांत पण हेच. कुठल्या राज्याला किती खासदार हे अजून १९७१ च्या जनगणनेवर चालतंय, १९७६ ला घटनादुरुस्ती करून ते गोठवलं (लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून) आणि २००१ ला मुदत आणखी वाढवली. आता २०११ चे आकडे घ्या, केरळ ३.३४ कोटी लोक, खासदार २०, राजस्थान ६.८५ कोटी, खासदार २५. मोबाईलवरच भागून बघा, केरळात एका खासदारामागं साधारण १७ लाख लोक येतात आणि राजस्थानात २७ लाख.

आपल्या मतदारसंघातले मतदार किती ते निवडणुकीच्या सरकारी साइटवर सापडतंय.