पट घसरला म्हणजे शाळा घसरली?

नौपाडा, चरई, खारकर आळी या जुन्या ठाण्यात शाळांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "महापालिकेच्या शाळेत मुलंच उरली नाहीत, तिथे काय शिकवत असणार?" या एका वाक्यात पट आणि गुणवत्ता यांची सरमिसळ होते. पटावरून कळतं किती मुलांची नावं नोंदली आहेत; त्या मुलांना काय येतं, ते पट सांगत नाही.

पट बराचसा वस्तीवर ठरतो. स्टेशनजवळच्या चाळी, वाडे पाडून टॉवर उभे राहिले. तिथली अनेक कुटुंबं कळवा, दिवा, बदलापूरकडे गेली, आणि नव्याने आलेल्यांची मुलं बहुधा खाजगी इंग्रजी शाळेत जातात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांवरून अठरा लाखांच्या पुढे गेली, पण त्याने जुन्या गावठाणातल्या शाळा भरल्या नाहीत. यात शिक्षकांचा काय दोष? उलट, जिथे परवडणारी दुसरी शाळाच जवळ नाही तिथे वर्ग खच्चून भरतो. ती गर्दी चांगल्या शिकवण्याची खूण नव्हे.

गुणवत्तेचं मोजमापही सरळ नाही. दहावीला बाराच मुलं बसली आणि एक नापास झालं, तर निकाल एकदम ९२ टक्क्यांच्या खाली येतो. शिवाय निकालात फक्त परीक्षेला बसलेलीच मुलं दिसतात; नववीत गळालेली कुठेच नाहीत. मुलांना काय येतं हे तपासणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (आता 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण') नमुना पद्धतीचं, म्हणजे काही निवडक शाळांपुरतं असतं. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, आपल्या गल्लीतल्या शाळेचा नाही.

तरीही पटाचा गुणवत्तेशी एक घट्ट धागा आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे पट ६२ वरून ५८ वर आला, तर पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, एक पद जाऊ शकतं. मग पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. एका कोपऱ्यात दुसरीची बेरीज, दुसऱ्या कोपऱ्यात चौथीचे अपूर्णांक, आणि मध्येच ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. चार मुलं गेली ती घर बदललं म्हणून. नुकसान मात्र उरलेल्या अठ्ठावन्न जणांच्या अभ्यासाचं होतं. पट घटला म्हणून पद काढायचं आणि मग दर्जा नाही म्हणून शाळेला नावं ठेवायची, हा सरळ अन्याय आहे.

म्हणून प्रवेश घेताना केवळ पट किंवा निकाल विचारून थांबू नका. मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष वर्गावर किती, रोजची हजेरी किती, पहिलीत आलेल्यांपैकी पाचवीपर्यंत किती टिकली आणि गेलेली का गेली, हे विचारा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात थोडा वेळ बसा आणि मागच्या बाकावरच्या मुलाला धडा वाचायला सांगा.