मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाताना: करारनोंदणी, पोलिसांना माहिती आणि सोसायटीचे कागद

डोंबिवली, विरार, नाशिक किंवा पुण्याहून मुंबईत भाड्याने राहायला येणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी केली की झालं." हे चूक आहे, आणि पुढची बहुतेक अडचण याच वाक्यातून सुरू होते. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यावरून हा समज पसरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

भाडेकरूला नोंदणी हवी असते ती मात्र रोजच्या कामांसाठी. आधारवरचा पत्ता, मतदार यादी, मुलांचा शाळाप्रवेश, सोसायटीचा गेटपास, सगळीकडे हाच कागद मागतात. म्हणून टेम्पो ठरवण्याआधी करार नोंदवून घ्यावा. एक तारखेला सामान हलवायचे असेल तर आदल्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत सगळ्यांचे अंगठे (आधारशी जुळवले जाणारे बोटांचे ठसे) झालेले बरे. त्यानंतर मंजुरीला एक-दोन कामाचे दिवस, पोलिसांच्या अर्जाला एखादा दिवस आणि सोसायटीच्या कार्यालयाला दोन-तीन दिवस धरावे लागतात. शनिवार-रविवार मध्ये आले की हे गणित लांबते.

घर कोण देऊ शकतो, कोण घेऊ शकतो

टोकन देण्याआधी मालकाच्या नावाचे कागद पाहणे हा तुमचा हक्क आहे. खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी विभाग देतो तो दस्ताचा सारांश), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, चालू मेंटेनन्स बिल आणि वीजबिल, या चारही कागदांवर नाव एकच आहे ना ते पाहावे. दोन नावांवर घर असेल तर दोघांचीही सही आणि अंगठा लागतो. नवरा-बायको संयुक्त मालक आणि त्यातले एक परदेशी, ही मुंबईत नेहमीची परिस्थिती आहे. मग मुखत्यारपत्र लागते, आणि त्यात भाड्याने देण्याचा व करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. "भाऊ बघतो सगळं" एवढ्यावर भावाची सही चालत नाही. मालक वारलेले असतील आणि फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारसांचे कागद पूर्ण होईपर्यंत थांबलेले बरे.

पागडीच्या घरात राहणारा स्वतःच भाडेकरू असतो, इमारतीच्या मालकाच्या संमतीशिवाय तो पुढे कोणाला ठेवू शकत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या घरांवर ठरावीक वर्षे दुसऱ्याला देण्याची बंदी असते. अशी घरे बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात, पण तिथे नोंदणीचा विषय निघाला की टाळाटाळ सुरू होते. नवी इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का ते विचारावे. ओसी नसलेल्या इमारतींमध्ये अनेकदा पाणी टँकरचे असते आणि तो खर्च मेंटेनन्समधून फिरून भाड्यात येतो.

भाडेकरू अठरा वर्षांवरचा असावा. कंपनीच्या नावाने घर घेतले जात असेल तर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचा ठराव किंवा अधिकारपत्र लागते. ऑनलाइन नोंदणीला आधार लागतो. ज्याच्याकडे आधार नाही अशा पक्षकारासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाण्याचा मार्ग उरतो.

करार नोंदवण्याची पद्धत

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनमध्ये लिव्ह अँड लायसन्सचा अर्ज आहे. तो स्वतः भरता येतो, पण अंगठ्याचे यंत्र आणि वेबकॅम लागतो. म्हणून बहुतेक लोक अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावतात, त्याचे शुल्क सरकारी शुल्काहून वेगळे असते. सगळ्यांनी एकाच वेळी एकत्र येण्याची गरज नाही. मालकाचा अंगठा बोरिवलीत आणि तुमचा दादरला, वेगवेगळ्या दिवशी घेता येतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांचेही आधार व अंगठे लागतात. हे ऐन वेळी लक्षात येते आणि वॉचमनला विनवण्या सुरू होतात, तेव्हा दोन मित्रांना आधीच सांगून ठेवा.

अर्जात मालमत्तेचा भाग नीट भरणे सगळ्यात महत्त्वाचे. फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, इमारतीचे नाव, रस्ता, पिनकोड, आणि सिटी सर्व्हे क्रमांक व महसुली गाव. मुंबई उपनगरात हे गाव पोस्टाच्या पत्त्यावरून ओळखू येईलच असे नाही. मालकाच्या इंडेक्स टूवर दोन्ही नोंदी असतात, तिथूनच जशाच्या तशा घ्याव्यात. पक्षकारांची नावे आधारप्रमाणे लिहावीत. आधारवर वडिलांचे नाव नसताना अर्जात घातले, किंवा लग्नानंतरचे आडनाव एका कागदावर आणि माहेरचे दुसऱ्यावर असले, की पडताळणी तिथेच अडते. पॅन क्रमांकही जवळ ठेवावा.

मुद्रांक शुल्काचा हिशेब असा. ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी दर ०.२५ टक्के. तो पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज, या बेरजेवर लागतो. समजा भाडे ४०,०००, डिपॉझिट १,५०,००० आणि मुदत ११ महिने. भाड्याचे ४,४०,००० आणि डिपॉझिटवरील व्याजाचे १३,७५० मिळून ४,५३,७५० होतात. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे १,१३४ रुपये. प्रणाली हा आकडा वर नेऊन दाखवते, तेवढाच भरावा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, आणि दस्त हाताळणीचे शुल्क वेगळे. सगळी रक्कम 'ग्रास' या सरकारी भरणा प्रणालीतून ऑनलाइन भरली जाते, तिची ई-चलनाची प्रत स्वतःकडे ठेवावी. एजंट "नोंदणीचे सगळे मिळून" म्हणून जो आकडा सांगतो, तो या हिशेबाशी ताडून पाहिला की त्याचे शुल्क किती ते लगेच कळते. खर्च कोणी करायचा हे आपसात ठरते. मुंबईत अर्धाअर्धा वाटून घेण्याची पद्धत बरीच चालते.

इथे 'हेवी डिपॉझिट'बद्दल सावध करायलाच हवे. दहा लाख एकरकमी द्या, अकरा महिने भाडे नाही, असा व्यवहार मुंबईत जुना आहे. मुद्रांक शुल्क त्यावर अगदी कमी बसते, अडीचशे रुपयांच्या आत. पण धोका मुदत संपताना समोर येतो: मालकाने ते पैसे कुठे तरी अडकवलेले असतात आणि नवा भाडेकरू आल्याशिवाय तुमचे निघत नाहीत. असा व्यवहार करायचाच असेल तर पूर्ण रक्कम करारात लिहा, बँकेतूनच द्या आणि करार नोंदवा. थोडी रक्कम रोखीने, थोडी कागदावर, असे कोणी सुचवले तर ते घर सोडून द्यावे.

अंगठ्यापूर्वी मसुदा छापून वाचा. डिपॉझिट चाव्या परत देतानाच मिळेल की 'नंतर'? लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आणि तो मालकालाही लागू आहे का? नोटीस किती दिवसांची? रंगकामाचे पैसे कापणार असतील तर रक्कम लिहिलेली आहे का? पार्किंगचा क्रमांक आहे का? नुसते 'पार्किंगसह' लिहिलेले सोसायटीच्या गेटवर उपयोगी पडत नाही. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, हेही. पंखे, गिझर, एसी यांची यादी जोडपत्र म्हणून लावा. नोंदणी झाल्यावर चूक दुरुस्त करायला वेगळा दस्त करावा लागतो.

अंगठा न जुळणे ही नेहमीची अडचण आहे, विशेषतः ज्येष्ठांच्या आणि हाताने काम करणाऱ्यांच्या बाबतीत. बोटे कोरडी करून दुसरे बोट वापरून पाहावे. आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले असेल तर कोणतेच बोट चालणार नाही, आधी ते उघडावे लागते. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करणे किंवा निबंधक कार्यालय गाठणे, एवढेच उपाय राहतात. सगळे झाल्यावर दुय्यम निबंधक दस्त तपासून मंजूर करतात आणि डिजिटल सहीचा करार व इंडेक्स टू मिळते. इंडेक्स टूवर दस्त क्रमांक नसेल तर नोंदणी झालेली नाही असेच समजा.

मुदत संपली की करार आपोआप वाढत नाही. नवा करावा लागतो. घर सोडले नाही तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते.

पोलिसांना माहिती

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश पोलीस आयुक्तालयाकडून निघत असतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्याचा भंग हा गुन्हा आहे आणि कळवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज आहे. त्यात मालक व भाडेकरूचे तपशील, भाडेकरूचा फोटो व ओळखपत्र, कामाचे ठिकाण, आधीचा पत्ता, कराराच्या तारखा आणि भाडेकरूला ओळखणाऱ्या व्यक्तींची नावे-फोन लागतात. फोटोची फाइल मोठी असेल तर अर्ज पुढे जात नाही, आकार आधीच कमी करून घ्यावा. पोलीस ठाणे निवडताना चूक होते. पत्ता अंधेरी पूर्वेचा असला तरी हद्द वेगवेगळ्या ठाण्यांची असू शकते, शेजारच्या इमारतीत विचारून खात्री करा. नोंदणी झाली म्हणजे हेही आपोआप झाले, असे धरू नये. सोसायटी या अर्जाची पोच वेगळी मागते.

सोसायटी आणि सामानाचा दिवस

आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने कळवायचे, आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तरीही बहुतेक ठिकाणी 'ना हरकत' हाच शब्द चालतो. वाद घालण्यापेक्षा मालकाकडून सोसायटीला सहीचे पत्र द्यायला लावणे सोपे. बिनभोगवटा शुल्काला, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते त्या नॉन-ऑक्युपन्सीला, १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने मर्यादा घातली आहे: महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. ते सभासदाने भरायचे असते. तुमच्याकडून घ्यायचे ठरले असेल तर करारात लिहून घ्या. सामान चढवण्यासाठी वेगळी रक्कम मागितली तर पावती मागा.

गेटपास घेताना लिफ्टची वेळ लिहून घ्यावी. अनेक सोसायट्या दुपारची वेळ देतात आणि रविवारी सामान आत घेत नाहीत. महिनाअखेर आणि एक तारखेला टेम्पोही महाग आणि लिफ्टही भरलेली, मधला एखादा कामाचा दिवस मिळाला तर सोयीचा. छोटा हत्ती नावाने ओळखला जाणारा छोटा टेम्पो म्हणजे सुमारे सात फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा, वजन पाऊण टनाच्या आसपास. कपाट-पलंग असलेल्या वन बीएचकेला त्याच्या दोन खेपा होऊ शकतात, टू बीएचकेला चौदा फुटी गाडी बरी. मोठ्या ट्रकना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मुंबईत बंदी असते आणि दक्षिण मुंबईत नियम अधिक कडक आहेत, ट्रक घेणार असाल तर वाहतूक पोलिसांच्या चालू वेळा बघून निघावे. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत जिन्याचे वळण मोजल्याशिवाय सोफा आणू नये. दोरीने गॅलरीतून चढवायचा झाला तर त्यालाही सोसायटीची परवानगी लागते.

आत गेल्यानंतरची कामे

चावी घेताना विजेच्या आणि पाइप गॅसच्या मीटरचे फोटो तारखेसह मालकाला पाठवा. वीज कोणाची हे भागावर ठरते: शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आधीची थकबाकी नाही याची खात्री ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन होते. सिलिंडर असेल तर दुसऱ्या गावाहून येताना सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, त्यावर नव्या वितरकाकडे जोडणी मिळते.

आधारचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलतो. करारात नाव नसलेल्या कुटुंबीयांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून, नात्याचा पुरावा देऊन बदलता येतो. कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत ऑनलाइन संमती द्यावी लागते. मतदार यादीसाठी फॉर्म ८. शिक्षणहक्काच्या २५ टक्के प्रवेशासाठी अर्ज करणार असाल तर करार नोंदणीकृत लागतोच आणि अर्ज सुरू होण्याआधीच्या तारखेचा असावा लागतो, म्हणून शाळेचा विचार घर शोधतानाच करा.

भाडे महिन्याला ५०,००० रुपयांच्या वर असेल तर २ टक्के टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची आहे, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही ५०,००० ची मर्यादाच लागू नाही आणि दरही जास्त आहे. अशा वेळी पहिले भाडे देण्याआधीच सीएला विचारा. गाडी पुण्याची किंवा नाशिकची असेल तर नंबर बदलत नाही, पण आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलण्याचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करायचा असतो, आणि तिथेही पत्त्याचा पुरावा म्हणून हा करार जोडता येतो.