पैलवानाचा खुराक: तालीम, दरबार आणि वजनकाटा

जिमला जाणाऱ्या पोराला कोल्हापूर-सांगलीकडे आजही घरातलं कोणी ना कोणी सांगतंच: जोर-बैठका मार, बदामाची थंडाई घे, धारोष्ण दूध पी. जिमचा ट्रेनर मात्र प्रोटीनचे ग्रॅम मोजायला लावतो. यात घरच्यांना अडाणी ठरवण्याआधी त्यांचा सल्ला कोणत्या कुस्तीसाठी तयार झाला, ते पाहायला हवं.

शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले आणि कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला. तालमी उभ्या राहिल्या, 1912 मध्ये खासबाग मैदान खुलं झालं. त्या काळची कुस्ती निकाली. पाठ मातीला लागेपर्यंत लढायचं; ना घड्याळ, ना वजनगट. समोरचा वीस किलोंनी जड निघाला तरी तक्रार कुणाकडे करणार? अंगात वजन हवं आणि दमही हवा, म्हणून पहाटे हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती उकरायची, लढती करायच्या, संध्याकाळी पुन्हा शेकड्यांनी जोर, सपाट्या, बैठका. मधल्या वेळात खाणं आणि झोप.

एवढी मेहनत पेलणारा खुराकही तसाच होता. थंडाईसाठी बदाम, खसखस, बडीशेप, मिरी भिजत घालायची आणि कुंडीत घोटायची. लोण्यासारखं मऊ होईपर्यंत घोटताना मनगटं भरून येतात, म्हणजे तोही व्यायामच. जोडीला तूप, मटण आणि म्हशीचं दूध. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ पेला हातात मिळतो, ती सवय याच वळणाची. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण हजार कॅलरी असतात. दिवसभर घाम गाळणाऱ्याला त्या पुरत नसत. आठ तास खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटावर त्या मुक्कामाला येतात.

खुराक स्वस्त कधीच नव्हता. संस्थानात तो दरबारातून मिळे. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं. पुढे गावच्या वर्गणीवर, जत्रेतल्या इनामावर आणि सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनावर पैलवान जगू लागले. घरची एखादी म्हैस पैलवान पोरासाठीच राखलेली असे.

याच काळात दुसरी, मॅटवरची आणि वजनगटांची कुस्ती दारात येऊन उभी होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगानं लहान, पण विजेसारखे चपळ. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर लढून सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी 57 किलो गटात ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट होते म्हणून त्यांच्या चपळाईला न्याय मिळाला, असं मला वाटतं.

आज मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. तिथे तासभर टिकणाऱ्या दमापेक्षा स्फोटक ताकद आणि झटपट सावरणं कामाचं. त्यामुळे धावणं, वजनं उचलणं आणि मोजून खाणं आलं. नियमित कसून व्यायाम करणाऱ्याला रोज शरीराच्या दर किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानतात. सत्तर किलोच्या पैलवानाला साधारण शंभर ते एकशेचाळीस ग्रॅम. शंभर ग्रॅम बदामांतून मिळतात जेमतेम वीस-एकवीस, आणि सोबत पन्नासेक ग्रॅम स्निग्धांश. वजनाच्या काट्यावर हे महागात पडतं. तो काटा किती निर्दय असतो, हे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कळलं: शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम लढतीआधीच अपात्र ठरली.

तरी जुना खुराक तालमीतून हद्दपार झालेला नाही, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. किताबाचा हा वजनगट 86 किलोंपासून पुढे, थेट सव्वाशेपर्यंत जातो. जत्रेच्या फडात तर काटा नसतोच. तिथे नव्वदीचा पैलवान एकशेवीसच्या अंगावर जातो, तेव्हा वस्ताद त्याला दूध कमी कर म्हणत नाहीत.