ऑक्टेन वेगळं, ताकद वेगळी

जुना लष्करी ट्रक उभा केला की पहिला प्रश्न ठरलेला: हाय ऑक्टेन पेट्रोल घातलं तर पिकअप वाढेल ना? नाही वाढणार. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन गाड्याच घ्या. जीएमसीच्या अडीच टनी ट्रकचं सहा सिलिंडरचं ४.४ लिटर इंजिन असो की विलीस जीपचं २.२ लिटरचं, दोन्हीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ७:१ च्याही खाली. जीपचं तर ६.४८:१. त्या युद्धात अमेरिकन सैन्य या गाड्या ८० ऑक्टेनवर चालवायचं. आजचं साधं पेट्रोलही त्याच्या पुढेच आहे.

आता खरी गफलत. ऑक्टेनचा आकडा एकच गोष्ट सांगतो: दाब आणि उष्णता वाढत असताना ठिणगीची ज्योत पोहोचेपर्यंत पेट्रोल-हवेचं मिश्रण स्वतःहून पेटायचं किती टाळतं. आयसोऑक्टेनला १००, हेप्टेनला ०, अशी ती मोजपट्टी. त्या लिटरमध्ये उष्णता किती आहे, हे तो आकडा सांगतच नाही. इथेनॉलचंच बघा. ऑक्टेन शंभरच्या वर, पण किलोमागे ऊर्जा साधारण २७ मेगाज्यूल. पेट्रोलची ४३च्या आसपास. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर असं झालंच नसतं.

मग हाय ऑक्टेनवर काही गाड्या जोरात का पळतात? कारण त्यांचं कॉम्प्रेशन जास्त असतं, आणि नॉकिंग (मिश्रण असं स्वतःहून पेटल्याचा ठोका) ऐकणारा सेन्सर असल्यामुळे कॉम्प्युटर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे नेऊ शकतो. तुमच्या ट्रकमध्ये ती वेळ ठरवायला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंग आहेत. टाकीत काय ओतलंय, हे त्यांना कळणार कसं? वाढीव सहनशक्ती तशीच वाया जाते.

ओळखीच्या एकाने महागडं पेट्रोल भरलं आणि जीप उडायला लागली म्हणून फोन केला. चौकशी केली, तर त्याच दिवशी कार्बोरेटरचं फ्लोट बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) धुतलं होतं आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप लावला होता. पुढच्या वेळी साधं पेट्रोल भरलं, जीप तशीच पळाली.

ऑक्टेन खरंच कमी पडतं तेव्हा आवाज येतो. वरच्या गिअरमध्ये चढावर हळूहळू ॲक्सिलरेटर दाबा. डब्यात खिळे हलवल्यासारखी किणकिण आली की नॉकिंग. टायमिंग थोडं मागे घेऊन ती थांबली तर प्रश्न मिटला. नाही थांबली, तर सिलिंडरचं हेड उघडून आत कार्बन किती साठलाय ते बघा. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं असेल, तर मात्र चांगलं पेट्रोल घाला, तिथे माझी हरकत नाही.

उन्हात गाडी मध्येच बंद पडते, त्याचाही दोष लोक ऑक्टेनवर ढकलतात. याची मला विशेष चीड आहे. फ्युएल पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यात बघा. बुडबुडे दिसले तर तो व्हेपर लॉक: पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा अडतो. पेट्रोल किती लवकर वाफ होतं, हा त्याचा वेगळाच गुण. ९८ ऑक्टेनचं घातलं तरी बुडबुडे येतीलच. एक्झॉस्टजवळून गेलेली नळी लांब घ्या, मध्ये पत्रा लावा.

पेट्रोलमध्ये आता शिसं नसल्यामुळे व्हॉल्व्ह सीट झिजण्याची काळजी आहे खरी, पण ती ऑक्टेनशी जोडू नका. शिसं दोन वेगवेगळी कामं करायचं: ऑक्टेन वाढवायचं आणि सीटही जपायचं.

आणि तुमच्याकडे एम-३५ए२ या अमेरिकन लष्करी ट्रकचं मल्टिफ्युएल (अनेक इंधनांवर चालणारं) इंजिन असेल, तर हे सगळं उलटं धरा. तिथे ठिणगी नाहीच, इंधनाने दाबाखाली स्वतःच पेटायचं असतं. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं ते पेटायला कुरकुरतं. त्या टाकीत सरळ डिझेल घाला.