‘ढगफुटी’ या शब्दाआड राहिलेले शहर

मुंबईत ‘२६ जुलै’ म्हटले की साल सांगावे लागत नाही. २००५ च्या त्या पुराच्या दिवशीचे हाल सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून इथे दोनच आकडे. उपनगरातल्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, दक्षिण टोकाच्या कुलाब्याला ७४. दोन्हींमध्ये सरळ रेषेत अंतर २०-२२ किलोमीटर. एका शहरात एवढा फरक का पडला, याचा शोध नीट सुरू होण्याआधीच वाद एका शब्दाभोवती अडकला: ढगफुटी.

प्रचलित व्याख्येप्रमाणे २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. त्या दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान सांताक्रूझला १९० मिलिमीटर पडला, म्हणजे वेगाची अट पुरी झाली. क्षेत्राची अट मात्र तपासायची कशी? वेधशाळेची मुख्य केंद्रे दोनच, तीही शहरात एवढी लांब लांब. शिवाय पाऊस तासाभरात ओसरला नाही, रात्रीपर्यंत कोसळत राहिला. म्हणून काही अभ्यासक हा शब्द नाकारतात आणि समुद्रावरून आलेल्या मोसमी प्रणालीकडे बोट दाखवतात.

माझ्या मते या शब्दाने नुकसानच केले. ढगफुटी म्हटले की दोष आभाळाचा. जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी धरून, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल या हिशेबावर बांधलेली. पालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांवरील १९९३ च्या अहवालाने ही क्षमता ५० करायला सांगितले होते, मुरण्याचा हिशेबही सोडून द्यायला सांगितला होता. कारण मुरायला मोकळी जमीनच उरली नव्हती.

तीच झाकलेली जमीन हवाही बदलते. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतात, उंच इमारती समुद्रवाऱ्याला अडवतात, अडलेली दमट हवा वर चढते. लंडन आसपासच्या गावांपेक्षा रात्री गरम राहते, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदले गेले. १९७१ ते १९७५ या काळात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये शहरावरून वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला उन्हाळी पाऊस वाढलेला दिसला. अर्थात ९४४ मिलिमीटरचे पाणी शहर स्वतः तयार करत नाही, ते अरबी समुद्रावरूनच येते. ते कुठे आणि किती जोराने उतरते, यात शहराचा हात किती, एवढाच प्रश्न आहे.

२००५ नंतर अग्निशमन केंद्रे आणि पालिकेच्या इमारतींवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, कुलाब्याला ढगांतला पाऊस आणि वारा टिपणारे डॉप्लर रडार आले. तोवर ‘उपनगरात जास्त, शहरात (म्हणजे दक्षिण मुंबईत) कमी’ हे जवळपास गृहीतच होते. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला ३३० मिलिमीटरहून जास्त पडला आणि सांताक्रूझला त्याच्या निम्मा. त्याच्या आदल्याच वर्षी, २ जुलैला, सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर नोंदला गेला होता.

हवामानाची सरासरी काढताना ३० वर्षांच्या नोंदी धरण्याचा संकेत आहे. पालिकेच्या जाळ्याला तेवढी वर्षे झालेली नाहीत. दीडशेहून अधिक वर्षांच्या सलग नोंदी आहेत त्या कुलाब्याच्या, आणि कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. मग पावसात शहराचा हात किती, हे त्या नोंदींतून कसे ओळखायचे?