बाहेरचा मॉड आणि आतला मॉड: आलेख काढताना गल्लत नेमकी कुठे होते

|फ(क्ष)| आणि फ(|क्ष|). दोन्हींत अक्षरं तीच, कंस तोच, मॉडच्या (केवल मूल्याच्या, म्हणजे ऋण संख्येचं ऋण चिन्ह काढणाऱ्या) उभ्या रेघाही दोनच. त्या रेघा कंसाच्या बाहेर आहेत की आत, एवढाच फरक. तरीही स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांमध्ये मला पुन्हा पुन्हा एकच चूक दिसते. समीकरण आतल्या मॉडचं असतं आणि आलेख बाहेरच्या मॉडचा काढलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॉड आहे ना, म्हणून खालचा भाग वर उचलला." बाहेरच्या मॉडसाठी हे वाक्य अगदी बरोबर आहे. आतल्या मॉडचा मात्र त्याच्याशी काहीही संबंध नाही.

एकच अन्वस्त (पॅराबोला) घेऊन दोन्ही पाहू: य = क्ष² − ६क्ष + ५. तो क्ष-अक्षाला १ आणि ५ वर छेदतो, शिरोबिंदू (३, −४) आणि य-अक्षावर ५. कच्च्या आकृतीत या चारही गोष्टी लिहिलेल्या असायलाच हव्यात. आकडे न लिहिता काढलेल्या आलेखावरून उकली मोजणं मला अजिबात मान्य नाही, कारण पुढचा सगळा निर्णय या आकड्यांवरच होतो.

बाहेरचा मॉड बहुतेकांना येतो, म्हणून थोडक्यात. |क्ष² − ६क्ष + ५| म्हणजे १ ते ५ मधला खाली गेलेला भाग क्ष-अक्षावर दुमडून वर आणायचा. शिरोबिंदू (३, ४) वर येतो. दुमडलेला माथा गोलच राहतो, टोकदार होत नाही. टोकं येतात ती १ आणि ५ वर. आता य = क ही आडवी रेघ खालून वर सरकवा. ती आलेखाला जितक्या ठिकाणी भेटेल तितक्या |क्ष² − ६क्ष + ५| = क च्या उकली. क ऋण असेल तर एकही उकल नाही. ० वर दोन, ० ते ४ च्या मध्ये चार, ४ वर तीन आणि त्याच्या वर पुन्हा दोन.

आता आतला मॉड: क्ष² − ६|क्ष| + ५. हाच क्ष² − ६क्ष + ५ मध्ये क्षच्या जागी |क्ष| घातल्यावर मिळतो, कारण |क्ष|² आणि क्ष² एकच. इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारावा: या फलाला (फंक्शनला) −२ दिला तर ते काय करतं? ते −२ कडे पाहतच नाही. आधी त्याचा २ करतं आणि मग फ(२) काढतं. म्हणजे −२ वरची उंची २ वरच्या उंचीइतकीच, −५ वरची ५ वरच्याइतकी. मूळ अन्वस्ताची −२ किंवा −५ वर काय उंची होती, हे कोणी विचारतच नाही. म्हणून कृती अशी: य-अक्षाच्या डावीकडचा मूळ आलेख पूर्ण खोडायचा, उजवा अर्धा जसाच्या तसा ठेवायचा, आणि त्याचंच प्रतिबिंब डावीकडे काढायचं. खाली गेलेला भाग खालीच राहतो. वर काहीही उचलायचं नाही.

"खोडायचा" या शब्दावर मी अडून बसतो, कारण खरी चूक तिथेच होते. प्रतिबिंब काढायचं हे अनेकांना ठाऊक असतं, पण जुनी डावी बाजू खोडायची राहून जाते. मग डावीकडे दोन वक्र दिसतात आणि आडवी रेघ दोघांनाही छेदते. काही जण उलटं करतात: डावी बाजू ठेवून तीच उजवीकडे परावर्तित करतात. आपल्या उदाहरणात मूळ अन्वस्ताची दोन्ही मुळं धन आहेत, त्यामुळे योग्य आलेख −५, −१, १ आणि ५ अशा चार ठिकाणी अक्षाला छेदतो. आता फक्त एक चिन्ह बदला: क्ष² + ६|क्ष| + ५ = ०. मूळ अन्वस्त क्ष² + ६क्ष + ५ हा −१ आणि −५ वर छेदतो. घाईत लोक "दोन मुळं, मॉड आहे म्हणून दुप्पट, चार" असं लिहून मोकळे होतात. खरं उत्तर शून्य. ती दोन्ही मुळं डावीकडे होती आणि डावी बाजू आपण खोडली. उजवीकडचा आलेख ५ पासून सुरू होऊन वरच जातो. आलेख नको असेल तर नुसतं पाहूनही कळतं: तीन पदांपैकी एकही ऋण नाही आणि शेवटचं ५ आहे, मग बेरीज शून्य कशी होईल?

बीजगणितातून आलं तरी हीच गोष्ट दिसते. |क्ष| = त धरा आणि त चं वर्गसमीकरण सोडवा. त चं प्रत्येक धन मूळ क्षच्या दोन उकली देतं, शून्य मूळ एकच उकल देतं आणि ऋण मूळ एकही देत नाही. ऋण त टाकून देणं म्हणजेच डावी बाजू खोडणं. शून्य एकदाच मोजणं म्हणजे आरशावर, म्हणजे य-अक्षावर, पडलेल्या बिंदूचं प्रतिबिंब तो स्वतःच. या दोन पद्धती मुलांना वेगवेगळ्या शिकवल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं. एकीची चूक दुसरीने पकडता यायला हवी.

मग क्ष² − ६|क्ष| + ५ = क ची गणती अशी येते: क −४ पेक्षा कमी असेल तर उकल नाही. −४ वर दोन, −४ ते ५ च्या मध्ये चार, ५ वर तीन (०, ६ आणि −६), त्याच्या वर दोन. बाहेरच्या मॉडशी ताडून पाहा. क = −३ घेतला तर बाहेरच्या मॉडला एकही उकल नाही, कारण मॉडची किंमत ऋण येत नाही. आतल्याला मात्र ±२ आणि ±४ अशा चार आहेत. "मॉड असलेलं समीकरण, उजवीकडे ऋण संख्या, म्हणून उकल नाही" हा नियम मॉडने समीकरणाची संपूर्ण डावी बाजू झाकली असेल तरच चालतो. तो डोळे मिटून वापरणाऱ्यांनी हे एक समीकरण स्वतः सोडवून पाहावं. क = ४ वर बाहेरच्याला तीन उकली, आतल्याला चार. क = ५ वर बाहेरच्याला दोन, आतल्याला तीन.

खोडणं म्हणजे काय हे अंगवळणी पडायला लॉगॅरिदमसारखं उदाहरण नाही. |लॉग क्ष| चा प्रांत (क्षच्या चालणाऱ्या किमती) धन संख्यांपुरताच, कारण आतल्या क्षला कोणी हात लावलेला नाही. पाया १० असेल तर |लॉग क्ष| = १ च्या उकली १० आणि १/१०. लॉग|क्ष| मध्ये मात्र डावीकडे, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे एक नवी शाखा उभी राहते. लॉग|क्ष| = १ च्या उकली १० आणि −१०. उकली दोन्हीकडे दोनच, पण संख्या वेगळ्या. साइनचंही असंच. |साइन क्ष| चा आवर्तनकाळ (तोच आकार पुन्हा यायला लागणारं अंतर) २π वरून π वर येतो. साइन|क्ष| आवर्तीच राहत नाही, कारण ० जवळ दोन्ही बाजूंना लागोपाठ दोन उंचवटे येतात आणि तशी जोडी पुढे कुठेच येत नाही.

एकरेषीय उदाहरण सगळ्यांना जमतं: |क्ष − ३| चं टोक (३, ०) वर, |क्ष| − ३ चं (०, −३) वर. पुढे जाऊ.

सरकवण्याचं मात्र सांगायला हवं. (|क्ष| − २)² आणि |क्ष − २|² यांत दुसऱ्यातला मॉड निरुपयोगी आहे, वर्ग केल्यावर तो नाहीसाच होतो. त्यामुळे |क्ष − २|² = १ ला दोन उकली, १ आणि ३. पहिल्यात (क्ष − २)² हा सरकवलेला अन्वस्त आधी काढायचा, मग य-अक्षाच्या डावीकडचं खोडून परावर्तन करायचं. (|क्ष| − २)² = १ ला चार उकली: ±१ आणि ±३. एकट्या क्षवर मॉड असेल तर आरसा य-अक्षावर. क्ष − २ वर मॉड असेल तर आरसा क्ष = २ या उभ्या रेषेवर. आरसा कुठे आहे हे आलेखाला हात लावण्यापूर्वी ठिपकेदार रेघेने दाखवा, असं मी नेहमी सांगतो.

दुप्पट करायची सवय आणखी एका ठिकाणी फसवते. उजवीकडे आडवी रेघ असेपर्यंत आरसा चालतो. रेघ तिरकी झाली की नाही. क्ष² − ६|क्ष| + ५ = क्ष + ५ घ्या. य-अक्षाच्या उजवीकडे क्ष² − ७क्ष = ०, म्हणजे ० आणि ७. इथे बरेच जण ७ चं प्रतिबिंब म्हणून −७ लिहितात. पडताळून पाहा: क्ष = −७ वर डावीकडे ४९ − ४२ + ५ = १२, उजवीकडे −२. जमत नाही. य-अक्षाच्या डावीकडे वेगळं समीकरण मांडावं लागतं: क्ष² + ६क्ष + ५ = क्ष + ५, म्हणजे क्ष² + ५क्ष = ०, आणि क्ष ऋण असल्याने −५. उकली −५, ० आणि ७. चुकीच्या वाटेनेही संख्या तीनच येते, म्हणून "किती उकली" विचारलं तर चूक लपून जाते. उकलींची बेरीज विचारली की ० आणि २ यांतला फरक उघडा पडतो. आरसा आलेखाला आहे, समीकरणाला नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू सममित असतील तरच उकलीही सममित.

|य| = फ(क्ष) हे तिसरं भावंड कधीमधी भेटतं. तिथे क्ष-अक्षाखालचं खोडायचं आणि वरच्याचं प्रतिबिंब खाली काढायचं. आडव्या रेघेने उकली मोजण्याच्या प्रश्नांत याचं फारसं काम पडत नाही.

आतला आणि बाहेरचा दोन्ही मॉड एकत्र आले, |क्ष² − ६|क्ष| + ५| = क, की आधी कोणता यावर वाद होतात. इथे क्रमाने काहीच बिघडत नाही. आधी दुमडून मग डावं खोडून परावर्तन करा, किंवा आधी परावर्तन करून मग खालचं वर दुमडा, आलेख एकच येतो. माझी पसंती पहिल्या क्रमाला, कारण दुमडणं एकाच माथ्याचं होतं आणि मग फक्त उजवी बाजू पाहावी लागते. तिथे माथा ३ वर ४ उंचीचा आणि य-अक्षावर ५. म्हणून क = ० ला चार उकली, ० ते ४ च्या मध्ये आठ, ४ वर सहा, ४ ते ५ च्या मध्ये चार, ५ वर तीन, त्याच्या वर दोन. य-अक्षाभोवती सममित आलेखाच्या उकली आडव्या रेघेने मोजताना संख्या विषम यायची असेल तर ० ही स्वतः उकल असावी लागते. इथे ते फक्त क = ५ वर घडतं आणि तिथे उकली तीन. पर्यायांमध्ये ७ दिसला तर तो आकृती न काढताही खोडता येतो.